आठ रात्रींचा हिशेब

दोघंही नोकरी करत असतील, तर वर्षातून एकदा सलग मिळणारी रजा बहुधा आठवडाभराचीच असते. सोमवार ते शुक्रवार पाच रजा टाकायच्या, अलीकडचा आणि पलीकडचा शनिवार-रविवार जोडायचा, की नऊ दिवस होतात. दिवाळीत ऑफिसची एखादी सुट्टी लागून आली तर दहा. एवढ्यात परदेशी जायचं ठरलं, की घरात पहिली निघते ती शहरांची यादी. पॅरिस हवंच, तिथवर गेल्यावर स्वित्झर्लंड कसं सोडायचं, आणि स्वित्झर्लंडहून मिलान तर रेल्वेनं काही तासांवर. नकाशावर बोट फिरवलं तर हे सगळं खरोखरच जवळ दिसतं. ‘दोघांचा प्रवास’ या विषयावर लिहायचं ठरल्यावर टूर कंपन्यांची माहितीपत्रकं, व्हिसाचे नियम, रेल्वेची वेळापत्रकं आणि संग्रहालयांची दारं उघडण्या-मिटण्याच्या वेळा शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. त्यातून एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. छोटी सहल देशांत किंवा शहरांत मोजू नये, रात्रींत मोजावी. आणि दोघांनी हा हिशेब पहिलं तिकीट काढण्याआधी मिळून करावा.

उदाहरणासाठी इटली घेऊ. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरं एकाच वेगवान रेल्वेमार्गानं जोडलेली आहेत, एकाच देशात आहेत, एकाच व्हिसात बसतात. अनेक शहरांची सहल यापेक्षा सोपी क्वचितच असेल. इथेही वेळ कमी पडतो असं दिसलं, तर तीन देशांच्या बेताबद्दल वेगळं सांगायला नको.

नऊ दिवस कुठे जातात

मुंबईहून निघालेली बरीच जोडपी दुबई, दोहा, अबू धाबी किंवा इस्तंबूलला विमान बदलून रोमला पोचतात. शनिवारी पहाटेचं विमान धरलं तर फ्युमिचिनो विमानतळावर उतरेपर्यंत दुपार होते. पासपोर्टची रांग, बॅगा, मग टर्मिनी स्टेशनपर्यंतची ३२ मिनिटांची गाडी, तिथून हॉटेल. खोलीची किल्ली हातात येते तेव्हा शनिवार संपत आलेला असतो. परतीचं विमान रविवारी दुपारचं धरलं तर सोमवारी पहाटे मुंबई, आणि पुणेकरांना त्यापुढे द्रुतगती मार्ग. म्हणजे नऊ दिवसांच्या रजेत रात्री मिळाल्या आठ, आणि पूर्ण दिवस सात. सोमवारी सकाळी थेट ऑफिस गाठायचं नसेल तर त्यातलीही एक रात्र कमी करावी लागते.

शिवाय शरीराचं घड्याळ असतं. इटली उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की साडेचार तास. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात आणि पहाटे चारला टक्क जाग येते. हे माहीत असलं तर त्याचा उपयोग करून घेता येतो. दिवसा जिथे पाय ठेवायला जागा नसते, त्या त्रेवी कारंज्यापाशी पहाटे निवांत उभं राहता येतं. पण पहिल्याच रात्री नऊच्या जेवणाचं आरक्षण करून ठेवलं असेल, तर ते जेवण दोघंही पेंगत उरकतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी उजेडाचाही विचार करावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोममध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळं बदलली की कोलोसियमचं दार साडेचारला बंद होतं. जूनमधल्या लांबलचक संध्याकाळी पाहून कुणी लिहिलेला कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये तसाच उचलला तर रोज तीन-चार तासांची तूट येते.

दीड तासाची गाडी, अर्धा दिवस खर्च

रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडी दीड तासात पोचवते. म्हणून ‘दीड तासाचाच तर प्रश्न आहे’ असं वाटतं. आता तो दिवस घड्याळ लावून पाहू. नाश्ता आटोपून बॅगा भरायच्या. चार्जर, औषधं, धुऊन वाळत घातलेले कपडे गोळा करायचे. दहा-अकराच्या आत खोली सोडायची. दगडी चौकोनांच्या रस्त्यावरून चाकांच्या बॅगा ओढत बसथांबा किंवा मेट्रो गाठायची. टर्मिनीत आपला फलाट गाडी सुटण्याच्या थोडंच आधी फलकावर लागतो, म्हणून अर्धा तास तरी हाताशी ठेवायचा. मग गाडीतला दीड तास. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर उतरून हॉटेल शोधायचं, तर खोली दोन-तीनशिवाय मिळत नाही. तोवर जेवायची वेळ टळत आलेली असते, कारण इटलीतली बरीच स्वयंपाकघरं दुपारी अडीच-तीनला बंद होतात ती एकदम संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. दीड तासाच्या गाडीनं पाच तास घेतले. सकाळी आठची गाडी धरून, बॅगा नव्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवून तसंच बाहेर पडलं तर हा खर्च तीन तासांवर येतो. त्याहून कमी होत नाही.

विमानाचं गणित याहून वाईट. पॅरिस ते रोम उड्डाण दोन तासांचं आहे. पण शहरातून विमानतळ, दोन तास आधी हजेरी, सुरक्षातपासणी, पलीकडे बॅगांचा पट्टा आणि पुन्हा शहरात शिरणं धरलं की दाराहून दाराशी सहा-सात तास होतात. स्वस्त विमानाच्या तिकिटात मोठी बॅग धरलेली नसते, ते पैसे वेगळे. सात पूर्ण दिवसांतला जवळपास एक दिवस एका उड्डाणात गेला. शहर बदलण्याच्या प्रत्येक खेपेला अर्धा दिवस असा धडधडीत खर्च धरला, की आठ रात्रींत तीन शहरं ही चैन नसून कमाल मर्यादा आहे, हे ध्यानात येतं. चौथं शहर घेतलं तर आधीच्या तिघांपैकी एकाचा दिवस त्यासाठी द्यावा लागतो, आणि तो कुणाचा, हे आधी ठरवलेलं नसतं.

मुक्काम कमी केले म्हणजे बघणं कमी होतं असंही नाही. फ्लॉरेन्समध्ये तीन रात्री राहिलं तर साध्या प्रादेशिक गाडीनं तासाभरात पिसा, सव्वा-दीड तासात लुक्का किंवा सिएना गाठता येतं, आणि वेगवान गाडीनं बोलोन्या तर पाऊण तासाच्याही आत. प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. आदल्या रात्री जेवताना ‘उद्या सिएना?’ असं ठरवलं तरी चालतं. बॅगा खोलीत, हातात पाण्याची बाटली, रात्री परत त्याच पलंगावर. वेगवान गाड्यांचं मात्र उलट आहे. त्यांची भाडी मागणीनुसार चढतात. २०१२पासून सरकारी गाड्यांच्या जोडीला एक खासगी कंपनीही याच मार्गावर धावते, त्यामुळे आधी तिकीट काढणाऱ्याला बरीच स्वस्त जागा मिळते. तेव्हा मुक्काम बदलण्याची तिकिटं लवकर पक्की करावीत आणि दिवसभराच्या फेऱ्या मोकळ्या ठेवाव्यात.

विमानाच्या तिकिटातही एक सोय अनेकांच्या लक्षात येत नाही. रोमला उतरून रोमहूनच परतायचं तर व्हेनिसहून मागे येण्यात चार तासांची गाडी आणि एक संध्याकाळ जाते. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचं तिकीट एकत्र काढलं, तर ते पुष्कळदा साध्या परतीच्या तिकिटाच्याच आसपास पडतं. आखाती विमान कंपन्या रोमप्रमाणे व्हेनिसलाही जातात.

सगळं एकदाच बघायची सवय

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एवढा खर्च करून, एवढ्या लांब जायचं, तर जास्तीत जास्त बघून का घेऊ नये? पुन्हा जाणं होईल कशावरून? हा आक्षेप हलक्यानं घेण्यासारखा नाही, कारण त्यामागे एका पिढीचा खरा अनुभव आहे. १९७३च्या फेरा कायद्याच्या काळात परकीय चलन मोजून-मापून मिळे. तो कायदा जाऊन २०००मध्ये फेमा लागू झाला. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेनं व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. ही मुभा येण्याआधी सामान्य मराठी कुटुंबाच्या वाट्याला परदेश आला तर जन्मात एकदा येणार, हे गृहीतच होतं. केसरीसारख्या १९८४मध्ये सुरू झालेल्या कंपनीनं आणि तिच्यासारख्या इतरांनी हा एकदाचा प्रवास मराठी माणसाच्या आवाक्यात आणला. भाषा, जेवण, बॅगा, व्हिसा सगळं त्यांच्यावर सोपवून माणसं आल्प्सचा बर्फ पाहून आली. ‘बारा दिवसांत सात देश’ हे त्या गरजेला दिलेलं रास्त उत्तर होतं. आजही पंच्याहत्तरीच्या आईवडिलांसाठी तीच व्यवस्था योग्य आहे. तिथे शहर बदलण्याचा भार प्रवासी उचलत नाही, कंपनी उचलते.

पण दोघंच स्वतः ठरवून निघतात तेव्हा तो भार त्यांच्या खांद्यावर येतो, आणि मनातली यादी मात्र जुन्या माहितीपत्रकातली राहते. मराठी वाचकाला युरोपची ओढ ज्या पुस्तकांनी लावली, ती पुस्तकं मुक्काम करून राहणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. ‘अपूर्वाई’मधलं लंडन हे पु. ल. आणि सुनीताबाई तिथे राहिले म्हणून तसं उतरलं. मीना प्रभूंनी एकट्या इटलीवर ‘रोमराज्य’ लिहिलं. त्या पुस्तकांवरून मनात घेतलेली शहरं आपण दीड-दीड दिवसात उरकू बघतो, इथे खरी विसंगती आहे.

पुन्हा जाणं होईल का, याचं उत्तरही बदललं आहे. एप्रिल २०२४पासून भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचा नियम असा आहे, की आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढे दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. सगळ्यांना पुन्हा परवडेल असं नाही, हे मान्य. पण ज्यांना खरंच एकदाच जायचंय, त्यांनी तर अधिकच जपून वागलं पाहिजे. आयुष्यात एकदाच मिळणारे सात दिवस फलाट शोधण्यात आणि बॅगा उघडण्या-मिटण्यात घालवायचे कशासाठी?

व्हिसा आणि वारांचं गणित

व्हिसाचा अर्ज सहलीच्या आराखड्यावर चालतो, त्यामुळे आराखडा डळमळीत असला की अर्जही तसाच होतो. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथून प्रथम प्रवेश, त्या देशाकडे. फ्रान्स तीन, स्वित्झर्लंड तीन, इटली दोन अशा वाटणीत एक रात्र इकडची तिकडे झाली की अर्जाचा देश बदलतो. मग ज्या देशाच्या केंद्रात भेटीची वेळ लवकर मिळते, त्याला एक रात्र वाढवायचा मोह होतो आणि सहलीचा आकार व्हिसा केंद्राच्या गर्दीवर ठरायला लागतो. आठही रात्री इटलीत असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. शुल्क ९० युरो माणशी, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. नवरा-बायको एकत्र जात असले तरी अर्ज दोन असतात. दोघांचे बँकेचे तपशील, प्राप्तिकराची विवरणपत्रं, रजा मंजूर झाल्याचं पत्र वेगवेगळं लागतं. एक जण कमावत नसेल तर खर्च कोण करणार याचं पत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला. त्यामुळे व्हिसा येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येण्याजोगीच घ्यावीत. थोडं जास्त भाडं पडलं तरी ते सोसावं.

व्हिसाच्या आधीच करून ठेवावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे वारांची मांडणी. फ्लॉरेन्सची उफीझी आणि मायकलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या दिवशी प्रवेश फुकट आणि रांग भलीमोठी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, तेव्हा कोलोसियमला तीच गत. बुधवारी सकाळी पोप जनतेला दर्शन देतात, त्यामुळे सेंट पीटर्समध्ये शिरणं अवघड होतं. आता शनिवारी रोममध्ये उतरणाऱ्यांनी रविवार प्राचीन रोमला द्यावा, सोमवार व्हॅटिकनला, मंगळवारी सकाळी फ्लॉरेन्सची गाडी धरावी, बुधवारी उफीझी, गुरुवार मोकळा किंवा सिएना, शुक्रवारी सकाळी व्हेनिस, रविवारी परत. रोम तीन, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन. हाच क्रम उलटा करून व्हेनिसला उतरलं तरी सोमवार प्रवासात जातो आणि काही बुडत नाही. फ्लॉरेन्स पहिलं घेतलं, की मात्र सोमवार नेमका तिथे सापडतो. कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात, प्रवेशाला पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि ती महिनाभर आधी खुली होऊन भराभर संपतात. रोमच्या बोर्गेझे दालनात तर आरक्षणाशिवाय शिरताच येत नाही आणि आत दोनच तास मिळतात.

इथे दुसरा आक्षेप येतो, की इतकं बांधून घेतल्यावर सुट्टीचा मोकळेपणा उरतो कुठे? मोकळेपणा हवाच. पण या शहरांत तो आयता मिळत नाही, राखावा लागतो. दिवसाला एकच वेळ ठरवलेली असावी, शक्यतो सकाळची. ती पार पडली की पुढचा दिवस कुणाचं देणं लागत नाही. काहीच न ठरवता गेलेलं जोडपं मोकळं फिरत नाही, ते उन्हात रांगेत उभं असतं.

व्हेनिसची रात्र

रात्री मोजाव्यात याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा व्हेनिसमध्ये मिळतो. या बेटावर कायम राहणारी माणसं आता ५०,०००च्या खाली आली आहेत, आणि दिवसा येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी एवढी, की २०२४च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी अशा पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतलं जातं. रात्री राहणाऱ्यांना ते माफ आहे. ते हॉटेलातून माणशी, दर रात्रीमागे वेगळा कर भरतातच. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सान मार्कोच्या चौकात फक्त पाठी दिसतात. दिवसभराचे पाहुणे गेले की गल्ल्या मोकळ्या होतात, पुलांवर थांबता येतं, पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो. व्हेनिसचं सौंदर्य ज्या तासांत आहे, ते तास तिथे झोपणाऱ्यालाच मिळतात.

म्हणूनच समोरच्या मेस्त्रेमध्ये स्वस्त हॉटेल घ्यावं, गाडी दहा-बारा मिनिटांत बेटावर पोचवते, हा नेहमीचा सल्ला दोन रात्रींच्या मुक्कामाला लागू पडत नाही. पैसे वाचतात, पण ज्यासाठी गेलो तेच हातचं जातं. पैशाची ओढाताण असेल तर रोममधली खोली साधी घ्यावी आणि व्हेनिसची बेटावर. फक्त हॉटेल निवडताना जलबसचा थांबा आणि हॉटेल यांच्यामध्ये किती पूल आहेत ते नकाशावर बघावं. या शहरात ४००हून अधिक पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या आहेत आणि बॅग आपल्यालाच उचलायची असते. जलबसचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोचं आहे, तेव्हा दिवसभराचा पास घ्यायचा की चालायचं, हेही आधीच ठरवलेलं बरं. दिवाळीनंतरच्या दिवसांत भरतीचं पाणी चौकात येण्याचा हंगाम असतो. २०२०पासून समुद्रमुखावरचे अडथळे वर उचलून मोठी भरती अडवली जाते, तरी पाण्यात चालणारे बूट न्यावेत.

दोघांच्या दोन याद्या

आतापर्यंतचा हिशेब मित्रांच्या टोळक्यालाही लागू पडेल. दोघांच्या सहलीत भर पडते ती ही, की बहुतेक घरांत नियोजन एकाच्याच लॅपटॉपवर होतं. एक जण महिनाभर वाचतो, तुलना करतो, तिकिटं काढतो; दुसरा ‘तू ठरवशील ते’ म्हणतो. ते प्रेमानंच म्हटलेलं असतं, पण त्यातून दोघांचंही नुकसान होतं. ठरवणाऱ्यावर प्रत्येक चुकलेल्या गाडीची, प्रत्येक बेचव जेवणाची जबाबदारी येते. न ठरवणारा स्वतःच्याच सुट्टीत पाहुण्यासारखा वावरतो, आणि चौथ्या दिवशी फ्लॉरेन्सच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्यांखाली उभा राहून सांगतो की गुडघा दुखतोय, लिफ्ट नाही का? लिफ्ट नाही. हा प्रश्न घरी, चहाच्या टेबलावर विचारला गेला असता तर त्या तिकिटाचे पैसे आणि ती सकाळ दोन्ही वाचलं असतं.

म्हणून शहरं ठरवायच्या आधी दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, मनापासून हव्या असलेल्या तीन-तीन गोष्टी लिहाव्यात. शहरं लिहू नयेत, गोष्टी लिहाव्यात: चित्रं बघणं, बाजारात हिंडणं, दुपारची झोप, रात्री नदीकाठी चालणं, एकदा तरी नीट कपडे करून बाहेर जेवणं. जे दोन्ही कागदांवर येईल त्याला पहिल्यांदा रात्री द्याव्यात. जे एकाच कागदावर आहे, तेही टिकलं पाहिजे, कारण तेच परतल्यावर ‘माझं काहीच झालं नाही’ या तक्रारीचं मूळ असतं. जे दोन्हींपैकी कुठल्याच कागदावर नाही आणि केवळ ‘लोक काय म्हणतील, तिथे जाऊन आलात आणि हे पाहिलं नाहीत?’ म्हणून यादीत शिरलंय, ते गाळावं. मिलान, आमाल्फी, पिसाचा कलता मनोरा यांतलं बरंच काही या चाळणीत आपोआप गळून पडतं.

याच कागदांतून एक अवघड सूचना पुढे येते, ती म्हणजे सहलीतला एक अर्धा दिवस दोघांनी वेगवेगळा घालवावा. यावर तिसरा आक्षेप, आणि तो सगळ्यांत जिव्हाळ्याचा. वर्षभर दोघं आपापल्या ऑफिसात असतात, एकत्र वेळ मिळावा म्हणूनच तर निघालो, आणि तिथेही वेगळं? पण आठ दिवस चोवीस तास सोबत असणं हे घरच्या सवयीपेक्षा फार वेगळं आहे. घरी रोज आठ-दहा तासांचं अंतर असतं आणि बोलायला विषय त्यातूनच मिळतात. चित्रांचं वेड एकालाच असेल, तर त्यानं बोर्गेझेच्या दालनात दोन तास मनसोक्त उभं राहावं. दुसऱ्यानं बाहेरच्या बागेत बसावं किंवा खोलीत झोपावं. रेटून नेलेला जोडीदार दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतो आणि चित्रं दोघांच्याही हाती लागत नाहीत. संध्याकाळी भेटल्यावर सांगायला दोघांकडे वेगवेगळं काही असतं. हे सुरक्षित व्हावं म्हणून दोघांच्या फोनमध्ये स्वतंत्र इंटरनेट असावं, सगळी तिकिटं दोन्ही फोनवर असावीत, दोघांच्या नावांची वेगवेगळी कार्डं वेगवेगळ्या खिशात असावीत, पासपोर्ट ज्याचा त्याच्यापाशी. दुकानातलं यंत्र रुपयांत पैसे घेऊ का असं विचारतं, तेव्हा युरोच निवडावेत, कारण रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. हेही दोघांना माहीत हवं, एकालाच नाही.

कामांची वाटणी आवडीनुसार करावी. एकानं गाड्या आणि विमानं, दुसऱ्यानं हॉटेलं आणि जेवण. शाकाहाऱ्यांची इटलीत फारशी आबाळ होत नाही, पण काटेकोर पाळणाऱ्यांना हे माहीत असायला हवं की पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या पदार्थानं विरजतात. ते कुणीतरी आधी वाचलेलं असावं. आणि दुपारी चार वाजता दोघंही उपाशी असू नयेत, याची जबाबदारी एकानं घ्यावी. सहलीतली निम्मी भांडणं त्या वेळेला होतात, आणि सकाळी बाजारातून घेतलेला ब्रेड, टोमॅटो आणि दोन सफरचंदं पिशवीत असली तर ती टळतात.

वरच्या आराखड्यातला फ्लॉरेन्सचा गुरुवार मुद्दाम रिकामा सोडला आहे. तो पाहून घरचे विचारतील, त्या दिवशी काय? त्या दिवशी पाऊस असेल तर खोलीत झोपता येईल, पाय दुखत असतील तर नदीकाठी बसता येईल, उफीझीत अर्धवट राहिलं असं वाटलं तर नवं तिकीट काढून पुन्हा जाता येईल, अंगात जोर असेल तर सिएनाची गाडी आहेच. गुरुवारचा निर्णय दोघांनी बुधवारी रात्री घ्यायचा आहे, पुण्यात बसून सहा महिने आधी नाही.